पाणी आधी कुणाला?

उत्तर थायलंडमधल्या चियांग माई शहराच्या बाहेर, भातखाचरांच्या कडेला वसलेल्या गावात मी काही महिने ज्येष्ठांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून राहत होते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी ओट्यावर एक आजी निखाऱ्यांवर शेंगा शेकत बसल्या होत्या. चपट्या, तपकिरी, बियांच्या जागी फुगलेल्या आणि सुकून सुरकुतलेल्या शेंगा. त्यांचा वास आला आणि मी जागच्या जागी थांबले. तो रविवारी सकाळच्या न्हाणीघराचा वास होता. आजी त्या शेंगांना ‘सोम पॉय’ म्हणत होत्या. आपण शिकेकाई म्हणतो. झाड तेच, आणि वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातलं नावही तेच, अकेशिया कॉन्सिना.

सोंगक्रान या थाई नववर्षाची छायाचित्रं आपण सगळ्यांनी पाहिलेली असतात: खंदकाकाठी पाण्याच्या बंदुका, पिकअप गाड्यांवर ठेवलेली पिंपं, चिंब भिजलेले पर्यटक. मराठी माणूस ती पाहून सहज म्हणतो, ‘म्हणजे त्यांची रंगपंचमी.’ तिथे राहून पाहिल्यावर मला ही तुलना तोकडी वाटते. रस्त्यावरचं पाणी हे या सणाचं सगळ्यात शेवटचं पाणी आहे. त्याच्या आधी ते बुद्धमूर्तीवर जातं, मग घरातल्या थोरांच्या हातांवर, आणि मग रस्त्यावर. पर्यटकाच्या वाट्याला बहुधा हा शेवटचा टप्पाच येतो. स्वयंसेवक मात्र त्या गावात आधीपासून राहत असतो, म्हणून त्याला पहिल्या टोकाकडून आत शिरता येतं. ते कसं, ते सांगते.

आधी तारखा समजून घेऊ. सोंगक्रान म्हणजे आपला ‘संक्रांत’ हाच शब्द. सूर्य मीन राशीतून मेषेत जातो ती मेष संक्रांत. आपल्याकडे थाट मकर संक्रांतीचा, नवं वर्ष चांद्र चैत्राच्या पाडव्याला, त्यामुळे मेष संक्रांत पंचांगातल्या एका ओळीत संपून जाते. पण पंजाबची वैशाखी, तमिळनाडूचं पुथांडू, केरळची विशू आणि बंगालचा पोइला बोइशाख हे सगळे याच संक्रमणाच्या आसपासचे सण आहेत. म्यानमारचं थिंग्यान, लाओसचं पी माई आणि कंबोडियाचं नवं वर्षही त्याच सुमारास येतं. दिवस-रात्र समान होतात तो वसंतसंपात २१ मार्चच्या आसपास असतो. मग मेष संक्रांत एप्रिलच्या मध्यावर कशी? कारण ही गणना निरयन आहे, ताऱ्यांना धरून केलेली. संपातबिंदू साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो आणि शतकांमागून शतकं तो फरक साठत गेला. आपली मकर संक्रांत २२ डिसेंबर सोडून जानेवारीच्या मध्यावर गेली तीही याच कारणाने.

आणखी एक साम्य पाहून मला फार आनंद झाला. आपल्या पंचांगात दरवर्षी संक्रांतीचं वर्णन असतं: ती कोणत्या वाहनावर बसून आली, तिचं वस्त्र कोणतं, हातात शस्त्र कोणतं, ती काय भक्षण करते. थायलंडमध्येही अशीच एक ‘नांग सोंगक्रान’ दरवर्षी येते. त्या सात बहिणी आहेत. संक्रांत ज्या वारी येते त्या वाराच्या बहिणीची ती पाळी. रविवारची थुंगसा देवी गरुडावर बसते, एका हातात चक्र आणि दुसऱ्यात शंख धरते, केसांत डाळिंबाचं फूल माळते आणि तिचं भक्षण असतं उंबर. सणाच्या आधी तिचं चित्र छापून येतं आणि लोक ते आपल्या आजीसारखेच न्याहाळतात, यंदा पाऊसपाणी कसं होणार म्हणून.

सरकारी सुट्टी १३, १४ आणि १५ एप्रिलची. १९४१ पासून थायलंडचं अधिकृत वर्ष १ जानेवारीला सुरू होतं, पण मनातलं वर्ष अजून एप्रिलमध्येच बदलतं. डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने सोंगक्रानला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. उत्तरेत, म्हणजे जुन्या लान्ना राज्याच्या मुलखात, या सणाला ‘पी माई मुआंग’ म्हणतात आणि तिथे प्रत्येक दिवसाला वेगळं नाव, वेगळं काम आहे.

पहिला दिवस, १३ एप्रिल, ‘सांगखान लोंग’. लोंग म्हणजे प्रवाहाबरोबर वाहत जाणं. सांगखान आजोबा आणि सांगखान आजी गेल्या वर्षीची इडापीडा घेऊन नदीतून वाहत निघून जातात, अशी समजूत आहे. त्यांना घालवायला पहाटे फटाके उडतात. मग घराची झाडलोट, अंथरूण-पांघरूण धुणं, शिकेकाईच्या पाण्याने न्हाणं, नवे कपडे. पहाटेचे फटाके, सुवासिक न्हाणं, नवं वस्त्र. मी डोळे चोळत अंगणात उभी होते आणि मला नरकचतुर्दशीची आठवण येत होती. या दिवशी स्वयंसेवकाचं काम सोपं आहे: झाडू उचलायचा. केंद्राची साफसफाई चालू असताना पाहुण्यासारखं खुर्चीत बसू नये. त्या एका सकाळी मी जितक्या लोकांशी बोलले तितक्यांशी आधीच्या महिन्याभरात बोलले नव्हते.

दुपारनंतर शहरात वाट फ्रा सिंग या मंदिरातली फ्रा सिंग ही बुद्धमूर्ती रथावर बसवून मिरवत नेतात. कडेला उभे असलेले लोक वाटीतलं सुवासिक पाणी मूर्तीवर शिंपडतात. या मिरवणुकीत बंदूक किंवा बादली चालत नाही. पाणी ओंजळीने किंवा फुलाच्या देठाने शिंपडावं, आणि मस्तकाच्या दिशेने फेकू नये. मस्तक हा थाई लोकांच्या दृष्टीने देहाचा सर्वांत पवित्र भाग. बऱ्याच मंदिरांत मूर्तीपर्यंत पाणी नेण्यासाठी नागाच्या आकाराची लाकडी पन्हळ उभारलेली असते. एका टोकाला आपण वाटी रिकामी करायची, पाणी नागाच्या अंगावरून वाहत जाऊन मूर्तीवर पडतं. पन्हळ दिसली की मूर्तीजवळ जाण्याचा आग्रह धरू नये.

आता हे पाणी बनतं कसं, कारण सगळा सण त्याच्याभोवती फिरतो. सुकलेल्या शेंगा निखाऱ्यांवर हलक्या शेकायच्या. काळ्या पडता कामा नयेत, नुसता वास सुटला पाहिजे. मग हाताने तुकडे करून स्वच्छ पाण्यात भिजत घालायचे. पाण्याला पिवळसर तपकिरी रंग चढतो. त्यात हळद, वाळवलेली करडईची फुलं, मोगऱ्यासारखी सुवासिक फुलं आणि सुकवलेली ‘साराफी’. हे साराफीचं झाड आपल्या कोकणातल्या सुरंगीच्या कुळातलं, अगदी जवळचं नातलग, आणि वासही तसाच अंगभर रेंगाळणारा. हळद, शिकेकाई, करडई, सुरंगीची बहीण: या यादीतलं काहीही मला परकं नव्हतं. शिकेकाईतल्या सॅपोनिनमुळे ते पाणी हातावर किंचित बुळबुळीत लागतं, ढवळलं तर फेस धरतं. मळ काढणारी म्हणूनच ती दोन्हीकडे न्हाण्यासाठी वापरली गेली. लान्नात त्यापुढे जाऊन ती दुर्दैवही धुऊन नेते असं मानतात. पाणी ठेवायचं ते ‘सालुंग’ या नक्षीच्या चांदीच्या वाडग्यात. चियांग माईचा वुआलाय रस्ता अशा चांदीकामासाठी ओळखला जातो, पण गावात स्टीलचा किंवा ॲल्युमिनियमचा वाडगाही तितक्याच मानाने चालतो.

दुसरा दिवस ‘वान नाव’. याच्या नावामागे ज्योतिषाचं गणित आहे. स्पष्ट सूर्य, म्हणजे आकाशात खरोखर दिसणारा, ज्या क्षणी मेषेत जातो तो एक क्षण. सरासरी गतीने चालणारा मध्यम सूर्य मेषेत जातो तो दुसरा. दोन्हींमध्ये दोन दिवसांहून थोडं जास्त अंतर पडतं. पहिल्या क्षणी जुनं वर्ष निघतं, दुसऱ्या क्षणी नवा शक चढतो. त्या क्षणाचं थाई नाव ‘थालेंग सोक’; त्यातला ‘सोक’ म्हणजे आपल्या शालिवाहन शकातला शकच. मधला दिवस म्हणून ना जुन्या वर्षाचा, ना नव्याचा. या दिवशी कुणी भांडत नाही, शिवी देत नाही. ‘नाव’ या थाई शब्दाचा उच्चार ‘कुजणं’ या अर्थाच्या शब्दासारखा, म्हणून आज वाईट बोललं तर वर्षभर तोंड कुजतं म्हणतात. लहान मुलं एकमेकांना हे इतक्या गंभीरपणे बजावत होती की मीही दिवसभर शब्द जपून वापरले.

वान नाव हा तयारीचा दिवस. तांदळाच्या चिकट पिठात ओलं खोबरं आणि गुळाचं सारण भरून, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेला ‘खानोम चोक’ घरोघरी होतो. मोदक वळणाऱ्या हातांना पान दुमडायला शिकायला अर्धा तासही लागत नाही. मी सोबत बसून पंचवीस-तीस तरी दुमडले आणि त्या ओट्यावर पहिल्यांदाच कुणी मला ‘आचान’ म्हणजे शिक्षिका न म्हणता नावाने हाक मारली.

दुपार कलली की वाळू वाहायची. नदीतून वाटीने, बादलीने वाळू आणून मंदिराच्या आवारात तिचा स्तूप रचतात. कारण फार सुंदर आहे: वर्षभर मंदिरात येताना-जाताना आपल्या पायांना लागून तिथली वाळू बाहेर गेली, ती परत करायची. स्तूपावर ‘तुंग’ म्हणजे रंगीत कागदी पताका खोचतात. काहींवर बारा वर्षांच्या चक्रातले प्राणी असतात. चिनी चक्रात शेवटचा प्राणी डुक्कर, लान्नाच्या चक्रात त्याच्या जागी हत्ती. त्याच सुमारास बोधिवृक्षाच्या फांद्यांना दुबेळक्याचे खांब टेकू म्हणून लावतात. वाळूची बादली उचलणं हे भाषा न येणाऱ्या माणसासाठी सर्वांत चांगलं काम आहे. त्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

तिसरा दिवस, १५ एप्रिल, ‘फाया वान’, दिवसांचा राजा. नवं वर्ष खऱ्या अर्थाने आज. सकाळी मंदिरात दान: भात, भाज्या, कालचे खानोम चोक. मृत पूर्वजांच्या नावाने वेगळं ताट. स्वयंसेवकाने पांढरा किंवा फिक्या रंगाचा, खांदे-गुडघे झाकणारा पोशाख घालावा. बाईने भिक्षूच्या हातात थेट काही देऊ नये. समोर अंथरलेल्या कापडावर ठेवावं. बसताना तळपाय मूर्तीकडे किंवा माणसाकडे करू नयेत, मांडी घालून किंवा पाय एका बाजूला दुमडून बसावं. हे आपल्याला शिकवावं लागत नाही, फक्त आठवण ठेवावी लागते.

दुपारी ‘दाम हुआ’. माझ्या मते या सणाचा गाभा हाच. उत्तरेच्या बोलीत दाम हुआचा शब्दशः अर्थ डोकं धुणं. पूर्वी थोरांना खरंच न्हाऊ घालत. आता ते खूण म्हणून उरलं आहे. घरातली, गल्लीतली, केंद्रातली मुलं-माणसं सालुंग, फुलं, उदबत्त्या, फळं आणि एखादं नवं वस्त्र घेऊन ज्येष्ठांसमोर खाली बसतात. ज्येष्ठ आजी-आजोबांना ‘मॅ उई’, ‘पॉ उई’ म्हणतात. आधी एकजण सगळ्यांच्या वतीने क्षमा मागतो: वर्षभरात कृतीने, शब्दाने, मनाने, कळत-नकळत काही दुखावलं असेल तर माफ करा. त्यासाठीचा थाई शब्द ‘खमा’ आहे. मग वाडगा पुढे करायचा. मॅ उई बोटं पाण्यात बुडवतात, ती स्वतःच्या केसांवरून फिरवतात, मग तेच पाणी आपल्यावर शिंपडतात आणि आशीर्वाद देतात: आयुष्य, कांती, सुख, बळ. आशीर्वादाला शब्द ‘फोन’, म्हणजे आपला ‘वर’. काही घरांत पाहुणाच ज्येष्ठांच्या जोडलेल्या तळहातांवर पाणी ओततो. तेव्हा धार बारीक धरावी आणि हातांवरच धरावी. डोक्यावर, खांद्यावर ओतू नये, घाई करू नये, बर्फाचं पाणी तर मुळीच नको.

१९८२ पासून १३ एप्रिल हा थायलंडचा ज्येष्ठ नागरिक दिन आहे, १४ एप्रिल कुटुंब दिन. बँकॉकच्या कारखान्यांत, हॉटेलांत राबणारी मुलं सातशे किलोमीटरचा प्रवास करून घरी येतात ती या पाण्यासाठी. आमच्या केंद्रातल्या काही आज्यांची मुलं आली नाहीत. त्यांच्यासमोर आम्ही बसलो. एका मॅ उईंनी माझ्या कपाळावर पाणी शिंपडलं आणि माझे दोन्ही हात बराच वेळ सोडले नाहीत. त्यांच्या बोलण्यातले मला तीन-चार शब्दच कळले. मी सेवा करायला आले होते खरी, पण त्या दुपारी मीच काहीतरी घेत होते. मला ते फार बरं वाटलं.

आता रस्त्यावरचं पाणी. तेही जरूर खेळावं. चाळीस अंशांच्या उन्हात, शेतं पेटवल्याच्या धुराने आकाश मळकट झालेलं असताना त्या पाण्याइतकं सुख दुसरं नाही. चियांग माईचं जुनं शहर राजा मंगराय याने १२९६ मध्ये वसवलं. भोवती चौकोनी खंदक, एकेक बाजू दीड किलोमीटरच्या आसपास, आणि सगळी गर्दी त्याच्या काठी, विशेषतः थाफे वेशीपाशी. खंदकातलं पाणी पिण्याजोगं नाही, डोळ्यांत जाण्याजोगंही नाही. साधा चष्मा लावावा, कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवाव्यात, तोंड मिटून हसावं. फोन आणि पैसे जलरोधक पिशवीत. कपडे गडद आणि लवकर वाळणारे. कुणी गालावर ‘दिन सॉ फोंग’ हा पांढरा मातीचा लेप लावायला आलं तर ती शुभेच्छा आहे. नको असेल तर हात जोडून मान हलवली की पुरतं. तुम्ही मात्र कुणाच्या गालाला विचारल्याशिवाय हात लावू नका.

भिक्षू, तान्ही बाळं, म्हातारी माणसं, गणवेशातले पोलीस आणि खाद्यपदार्थ विकणारे यांच्यावर पाणी टाकायचं नाही. चालत्या मोटरसायकलवर तर कधीच नाही. या दिवसांना थायलंडमध्ये ‘सात धोकादायक दिवस’ म्हणतात. मद्य, वेग, ओला रस्ता आणि हेल्मेटविना दुचाकी यांनी दरवर्षी माणसं जातात. स्वयंसेवकाने या आठवड्यात स्कूटर भाड्याने घेऊ नये, असं मी स्पष्ट सांगते. सोंगथेव या लाल प्रवासी गाडीने जावं, अंधार पडायच्या आत परतावं. रुग्णवाहिकेचा क्रमांक १६६९ फोनमध्ये घालून ठेवावा.

स्वयंसेवेला जाण्याआधीच काही गोष्टी ठरवाव्या लागतात. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत थाई शाळांना सुट्टी असते, म्हणून ‘एप्रिलमध्ये शाळेत शिकवायचं आहे’ असं कुणी सांगत असेल तर नेमकं काय काम आहे ते विचारा. ज्येष्ठांची केंद्रं, मंदिरातले उन्हाळी वर्ग, बागकाम अशी कामं तेव्हा चालू असतात. पर्यटक म्हणून शिरून काम करू नये, पगार नसला तरी. स्वयंसेवकासाठी नॉन-इमिग्रंट ओ व्हिसा आणि कामाचा परवाना लागतो आणि त्याची कागदपत्रं संस्थेने द्यायची असतात. ती द्यायला टाळाटाळ करणारी संस्था सोडून द्यावी. बसची आणि रेल्वेची तिकिटं सणाच्या बरीच आधी काढा. १२ एप्रिलपासून बँका, कार्यालयं आणि अनेक दुकानं बंद होऊ लागतात, तेव्हा रोख पैसे आणि औषधं जवळ हवीत. आणि थोडी भाषा शिका. ‘सावादी पी माई’ म्हणजे नववर्षाच्या शुभेच्छा; त्यातल्या सावादीचं मूळ ‘स्वस्ति’. पुरुषाने पुढे ‘ख्राप’ जोडायचं, बाईने ‘खा’, आणि उत्तरेतल्या बायका गोडव्याने ‘चाव’ म्हणतात.

चौथा दिवस, १६ एप्रिल, ‘पाक पी’, वर्षाचं तोंड. शहरातले रस्ते वाळलेले असतात, पर्यटक निघून गेलेले असतात. गावात मात्र त्या दिवशी घरोघरी कच्च्या फणसाची आमटी शिजते. फणसाला थाई शब्द ‘खानून’. त्यातल्या ‘नून’चा अर्थ आधार देणं, उचलून धरणं, म्हणून वर्षाच्या तोंडाशी ही आमटी खाल्ली की वर्षभर कुणीतरी पाठीशी राहतं. आमटीत एरवी डुकराच्या बरगड्या आणि आंबवलेल्या माशांची चटणी असते, म्हणून शाकाहारी असाल तर दोन दिवस आधी ‘किन चे’ एवढं सांगून ठेवा. मी सांगितलं होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक लहान पातेलं वेगळं झाकून ठेवलेलं होतं, आणि त्यात फणस, टोमॅटो आणि चा-ओमचा पाला मिठाच्या पाण्यात शिजत होता. शेकलेल्या शेंगांच्या उरलेल्या तुकड्यांची पुरचुंडी मॅ उईंनी माझ्या हातात दिली. केस धुवायला, त्या खुणेने म्हणाल्या.